आज काय गावलं?

बालमित्रांनो, राहुरीच्या एका सातवीतल्या वाचकाचं पत्र आलंय. तो लिहितो, 'सर, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला जाणार आहोत. बाबा म्हणतात, तिथे हॉटेलं पुष्कळ आहेत, पण चांगलं कुठलं ते आपल्याला काय कळणार? आपण काय समुद्रकाठची माणसं आहोत का? तुम्ही मालवणला होतात असं मागे लिहिलं होतं, तर एखाद्या चांगल्या हॉटेलाचं नाव कळवा.'

नाव मी कळवणार नाही! रागावू नकोस. हॉटेलचं नाव सांगणं सोपं असतं. पण आचारी बदलतो, मालक बदलतो, पाटी मात्र तीच राहते. त्यापेक्षा चांगली जागा शोधायची कशी ते सांगतो. हे शिकायला मला आठ वर्षं लागली, आणि शिकल्यावरही मी एकदा सपशेल नापास झालो. तेही सांगणार आहे.

आमचा नगर जिल्हा (आता अहिल्यानगर म्हणायचं बरं का!) म्हणजे ज्वारी-बाजरीचा मुलूख. लहानपणी आमच्या घरी समुद्र यायचा तो वाळून, आठवड्याच्या बाजारातून कागदाच्या पुडीत. सुकट आणि बोंबील! ओला मासा मी विशीपर्यंत खाल्ला नव्हता. पुढे डी.एड. झालो आणि २०१० साली शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली ती थेट सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण तालुक्यातल्या एका वाडीवर. मानधन महिना ३००० रुपये. त्यात खोलीभाडं, जेवण आणि घरी पाठवायचे पैसे. नगरकडचे आम्ही पाच-सहा जण त्या तालुक्यात होतो. सगळ्यांचं एकच रडगाणं, भाकरी मिळत नाही आणि माशाचे काटे जमत नाहीत.

शनिवारी अर्धी शाळा झाली की मी मालवणात यायचो. तिथे एका घराच्या पडवीत चार बाकडी टाकून एक काकू खानावळ चालवत. पहिल्या दिवशी ताटात अख्खा बांगडा आला. मी नुसता बघत बसलो. काकू म्हणाल्या, "काट्याक कशाक घाबरतास, गुरुजी?" आणि समोर बसून त्यांनी मला बांगडा सोडवायला शिकवला. आधी पाठीच्या बाजूने बोट घालायचं, वरची फाक उचलायची, मग मधला काटा शेपटीकडून धरून अलगद वर. सगळा सांगाडा एका झटक्यात हातात! पहिलीच्या पोराला 'ग' गिरवायला शिकवतात ना, अगदी तसं.

पण त्या काकूंवर माझा खरा विश्वास बसला तो वेगळ्याच दिवशी. चांगला दहा-बारा किलोमीटर प्रवास करून गेलो, भूक लागलेली, आणि काकू म्हणाल्या, "आज मासळी नाय गावली. मासो होयो तर उद्या येवा." समोर ठेवली ती डाळ, भाजी आणि सोलकढी. तेव्हा मला वाईट वाटलं. आता कळतं, की गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना 'आज नाही' म्हणणारी खानावळ म्हणजे सोनं.

का, ते सांगतो. समुद्र हा काही गोदाम नव्हे. आज बांगडा येईल, उद्या पेडवे येतील, परवा होडी रिकामी येईल. मालवणच्या किनाऱ्यावर तुम्हाला रापण ओढताना दिसली तर जरूर थांबा. लांबच लांब जाळं होडीतून समुद्रात गोल सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. तासन्‌तास! जाळं वाळूत येईपर्यंत आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. मग ज्या हॉटेलात बाराही महिने, सकाळ-संध्याकाळ, छापील पुस्तकातले सगळेच्या सगळे मासे मिळतात, तिथे ते येतात कुठून? बहुतेक वेळा शीतपेटीतून. शीतपेटी वाईट नाही, पण मग समुद्राकाठी यायचं कशाला? पावसाळ्यात तर यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद असते. माशांच्या अंडी घालण्याचा तो काळ. तेव्हा मालवणात 'आजचा ताजा पापलेट' असं कुणी म्हणालं तर गालातल्या गालात हसा आणि सुक्या माशांचं नाहीतर खाडीच्या माशांचं काय आहे ते विचारा.

म्हणून माझा पहिला प्रश्न कधीच 'काय काय मिळेल?' असा नसतो. 'आज काय गावलं?' असा असतो. उत्तर देताना माणूस जर एकदोन नावं पटकन सांगत असेल तर बसा. तो जर 'सगळं आहे, सगळं आहे' म्हणत असेल तर पाणी पिऊन उठा. (पाणी प्यालात म्हणून कुणी पैसे मागत नाही!)

आता नापास झाल्याची गोष्ट.

२०१८ साली माझी आंतरजिल्हा बदली झाली आणि मी नगर जिल्ह्यात परत आलो. शाळा मिळाली कर्जत तालुक्यात, भीमेच्या बाजूला. तीन-एक वर्षांनी आम्ही एका लग्नाहून परत येत होतो. मी, आमच्या सौ. आणि पाच वर्षांची आमची कन्या. महामार्गावर एक भलंमोठं हॉटेल दिसलं. बाहेर सुरमई, पापलेट, कोळंबी यांची दारापेक्षा मोठी चित्रं. मी म्हटलं, "चला, आज तुम्हाला मालवण दाखवतो!" ऐटीत सुरमई मागवली. काय आलंय ते विचारलं नाही, मासा बघितला नाही. ताट आलं. पहिल्या घासाला जिभेला काहीतरी चुणचुणलं. मला कळलं होतं हो! पण एवढी फुशारकी मारलेली, पैसेही भरपूर होणार होते, आणि वेटरशी हुज्जत कोण घालणार? मी गप्प बसलो आणि खाल्लं. मुलीलाही भरवलं.

तासाभरात तिचा चेहरा लालबुंद झाला, अंगावर गांधी उठल्या, उलट्या सुरू झाल्या. रात्री आठला गाडी दवाखान्याकडे वळवली. डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं, इंजेक्शन दिलं, आणि मला बाजूला घेऊन एक गोष्ट समजावली. ती तुम्ही नीट वाचा. सुरमई, बांगडा, कुपा या जातीच्या माशांच्या मांसात एक द्रव्य असतं. मासा पकडल्यापासून थंड राहिला तर काही बिघडत नाही. मध्येच बर्फ संपला, मासा कुठे गरम जागी पडून राहिला, की जंतू त्या द्रव्यापासून हिस्टामिन नावाचा पदार्थ बनवतात. तो एकदा तयार झाला की पुन्हा बर्फात ठेवा, तळा, उकळा, तो जात नाही! जंतू मरतात, हिस्टामिन राहतं. म्हणजे 'चांगला कडक तळून द्या' असं सांगूनही उपयोग नाही.

मुंबईहून नगरला मासा येतो तो साधारण अडीचशे किलोमीटर. उतरवताना, चढवताना, वाटेत किती वेळा बर्फ वितळला हे ताटाकडे बघून कुणाला सांगता येणार? पहाटे मुलगी झोपली. सौ. एवढंच म्हणाल्या, "अहो, आठ वर्षं मालवणात काय केलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं आमच्या मुलीने माशाचं नाव काढू दिलं नाही. सुकट भाजायला घेतली तरी ती अंगणात जाऊन उभी राहायची.

आणि गंमत म्हणजे, मी ज्या तालुक्यात शिकवत होतो तिथून पाऊण-एक तासावर माशांचं गाव होतं! कर्जतहून राशीनला या, पुढे खेड, मग भीमेचा पूल ओलांडला की पलीकडे पुणे जिल्ह्यातलं भिगवण. भीमेवर खाली माढा तालुक्यात उजनी धरण आहे. ते १९८० साली पुरं झालं आणि यशवंतसागर भरला. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्याचं पाणी फुगून मागे इंदापूर, करमाळा, कर्जत या तालुक्यांपर्यंत पसरलं. शेतं गेली, गावं उठली. पळसदेवचं जुनं दगडी देऊळ पाण्यात गेलं. पाणी फारच उतरलं की ते अजूनही वर येतं आणि माणसं दर्शनाला जातात. जिथे नांगर चालत होते तिथे होड्या आल्या. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांना बघायला शहरातून माणसं येतात, आणि येतात ती मासे खाऊन जातात. समुद्र नाही तर नाही, पण काठचं गाव ते काठचंच गाव!

माझ्या चौथीच्या वर्गात मासे धरणाऱ्याचा एक मुलगा होता. पहाटे वडिलांबरोबर जाळी काढायला जायचा, मग शाळेत. त्याच्या शेजारी बसायला मुलं तयार नसत. 'गुरुजी, त्याच्या दप्तराला वास येतो.' मी दोन-तीनदा रागावलो. रागावून काय होतं? मुलं माझ्यासमोर नाक धरायची थांबली, पाठीमागे धरायची ती धरतच होती. तो मुलगा शेवटच्या बाकावर एकटा बसू लागला. मग आठवड्यातून दोन दिवस येईनासा झाला.

तेव्हा परिसर अभ्यासाचा एक तास आम्ही भिगवणच्या मासळी बाजारात घेतला. केंद्रप्रमुखांची परवानगी, पालकांच्या सह्या, तेवीस मुलं आणि सकाळची एसटी. तिथे माशांचे ढीग लागतात आणि लिलाव पुकारला जातो. दूरदूरचे व्यापारी उभे असतात. मुलं सुरुवातीला नाकाला रुमाल लावून चालत होती. हा मुलगा मात्र पुढे! एकेका माशाचं नाव सांगत होता. रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, शिंगाडा, आणि सगळ्यात मोठा ढीग चिलापीचा.

चिलापी ही मूळची इथली नव्हे. तिलापिया तिचं नाव, मूळ देश आफ्रिका. तिची मोझांबिकची जात आपल्या देशात १९५२ साली आणली. त्या जातीची मादी अंडी तोंडात ठेवते! पिल्लं बाहेर पडल्यावरही धोका दिसला की ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. एवढी काळजी घेतल्यावर चिलापी वाढणारच, आणि ती इतकी वाढली की आपले जुने नदीतले मासे मागे पडले. रोहू-कटल्याचं उलट. ते साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराची वाहती नदी लागते. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा रस टोचून त्यांना तलावातच अंडी घालायला लावलं, म्हणून आज धरणांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडता येतात. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन त्याच आठवणीचा आहे.

पण मुलांना हे सांगत होतो मी. त्या मुलाने सांगितलं ते पुस्तकात नव्हतं. त्याने एका माशाचा कल्ला बोटाने उचलला. "आत लाल पायजे. तपकिरी झाला की कालचा." डोळा दाखवला, "फुगलेला आन् चमकणारा. आत गेला, पांढरा पडला, की घ्यायचा नाय." अंगावर बोट दाबलं, "खड्डा भरून आला पायजे." आणि वास? तो म्हणाला, "पाण्याचा वास येतो ताज्याला. नाकात शिरतो तो शिळ्याचा." मग टबातली जिवंत मरळ उचलून दाखवली. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून ती पाण्याबाहेर बराच वेळ जगते. मुली किंचाळल्या! रुमाल कधी खिशात गेले ते मला कळलंच नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. परत आल्यावर चार दिवसांनी एकाने पुन्हा नाक धरलंच. पण शेजारचा त्याला म्हणाला, "तुला कल्ला तरी ओळखता येतो का रं?" मुलगा शाळेत यायला लागला. रोज नाही, पण आधीपेक्षा जास्त.

एका मुलीने तिथे मला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला होता. 'गुरुजी, पुण्याची घाण याच पाण्यात येते ना? मग हे मासे खायचे का?' खरं आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं. शिजवल्याने जंतू मरतात, पण कारखान्यातली रसायनं शिजवून जात नाहीत. मी तिला तसंच सांगितलं. आम्ही खातो, पण रोज खात नाही. आणि तो मुलगा मधेच म्हणाला, "आम्ही रोज खातो." त्यावर मी काय बोलणार?

बाजारातून निघताना त्याच्या वडिलांना मी विचारलं, "तुम्ही स्वतः कुठं जेवाल?" ते हसले. म्हणाले, "गुरुजी, पुलाच्या रस्त्याला पत्र्याची एक टपरी हाय. तिथं सकाळी मीच मासा टाकतो." एवढं पुरे! जो मासा धरतो तोच सांगतो, मासा कुठे जातो. मालवणच्या आठ वर्षांत मला हे कसं सुचलं नव्हतं कोण जाणे.

पुढच्या रविवारी घरच्यांना घेऊन गेलो. पत्र्याची शेड, तीन टेबलं, फळ्यावर खडूने दोनच ओळी: चिलापी, मरळ. आधी दर विचारला. नगावर का वजनावर तेही विचारलं, कारण माशाच्या ताटात भांडणं होतात ती इथेच. चुलीशेजारच्या कढईत डोकावलो, तेल काळं नव्हतं. मावशींना म्हटलं, "मासा कच्चा बघू का?" त्यांनी न चिडता पाटी पुढे केली. बघू द्यायला जो चिडतो, तिथे मी थांबत नाही.

आमची कन्या सौ.च्या पदरामागे उभी होती. मी काही बोललो नाही. ती हळूच पुढे आली, एका चिलापीचा कल्ला उचलून बघितला (घरी मी सगळं सांगितलं होतं ना!), बोटाने दाबून बघितलं, आणि मावशींना म्हणाली, "हा करा."

कांदा-लसणाच्या मसाल्यातली तव्यावरची चिलापी, पातळ लालभडक कालवण, बाजरीची भाकरी, चिरलेला कांदा. मी तिला काटा सोडवून देऊ लागलो तर म्हणाली, "बाबा, मला शिकवा, मी काढते." पाठीकडून बोट घालायचं, वरची फाक उचलायची... चिलापीचे बारीक काटे बांगड्यासारखे एका झटक्यात येत नाहीत. अर्धा तास लागला. मावशींनी उठवलं नाही.

तेव्हा राहुरीच्या मित्रा, दिवाळीला अजून वेळ आहे. तोवर बाबांना घेऊन आधी तुझ्या शेजारच्या मुळा धरणावर, ज्ञानेश्वरसागराच्या काठी जा आणि कल्ला बघायचा सराव कर. शेवगाव-नेवाशाच्या वाचकांना जायकवाडीचा नाथसागर जवळ आहे, अकोल्याच्या वाचकांना भंडारदऱ्याचं १९२६ सालचं धरण आणि शेंडी गाव. मालवणला पोचलास की हॉटेल शोधायच्या आधी किनाऱ्यावर जा. लिलाव चालू असेल तर मासे घेऊन निघालेल्या एखाद्या काकूंना विचार, "काकू, आज काय गावलं? आणि तुम्ही कुणाकडे देता?" त्या हसतील, मालवणीत काहीतरी बोलतील, निम्मं कळणार नाही. त्या हात करतील त्या दिशेने चालू लाग. आणि बांगडा मिळाला तर शेपटीकडून काटा धर, विसरू नकोस. कसा होता ते मला पत्राने कळव. सोबत काटे पाठवू नकोस म्हणजे झालं!